फोनमधली आजी आणि माझी कडक भाकरी

माझ्या भाकरीची जाहिरात करणारी आजी मी कधी पाहिलेली नाही. कुणीच पाहिलेली नाही. ती फक्त फोनमध्ये आहे.

मी कडक भाकरी करते, बारा-तेरा वर्षं झाली. नवरा एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जातो. मी आणि धाकटी जाऊ घरी भाकरी करतो. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळायचं, कागदासारखी पातळ थापायची, तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवायचं, उलटायची, आणि मग मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत तिच्यातला ओलावा पार घालवायचा. अशी भाकरी महिना-दोन महिने टिकते. मोडली की पापडासारखी वाजते. पुण्यात शिकणाऱ्या पोरांसाठी, लांबच्या प्रवासाला निघालेल्यांसाठी लोक न्यायचे. एकाचं ऐकून दुसरा यायचा. मी आतल्या खोलीत थापायची, दारात जाऊ बोलायची. मला अनोळखी माणसापुढं शब्द फुटत नाही. चौथीपर्यंतच शिकले, पण लिहिताना जेवढं अडतं त्याच्यापेक्षा बोलताना जास्त अडतं.

जाऊ दहावी झालेली. तिनं फोनवर आमच्या भाकरीचं पान काढलं. पहिल्या दिवशी तिच्या माहेरच्या सगळ्यांनी अंगठे पाठवले. ती खूश. मला मात्र ते बरं वाटलं नाही. आमच्यात अंगठा दाखवणं म्हणजे फसवणं. आणि झालंही तसंच, अंगठे पन्नास आले आणि भाकरी एकानंही नेली नाही. मग फोनच सांगायला लागला, थोडे पैसे भरा, जास्त लोकांना दाखवतो. जावेनं भरले. कुणाला दाखवलं, ते कुठले, त्यांना ज्वारी माहीत आहे का, काही कळेना. दोघांनी तर आपल्या भाषेत नसलेलं काहीतरी लिहिलं होतं.

त्याच दिवसांत मी जावेला म्हटलं होतं की तवा जुना झाला, मधे खोलगट झालाय. दुसऱ्या दिवशी तिच्या फोनवर तवेच तवे. ती म्हणाली, योगायोग. मी तेव्हापासून बोलायचं असलं की फोन पिठाच्या डब्यामागं ठेवते.

मग तो जाहिरातवाला आला. त्याला आमचा नंबर कुणी दिला, हे त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. स्वच्छ शर्ट, गोड बोलणं. म्हणाला, "मावशी, तुमचं पान मेलंय. लोकांना चेहरा लागतो. चेहरा नसला की विश्वास बसत नाही."

मी पदर सारखा केला आणि आत गेले. जाऊ मागोमाग आली. तिला म्हटलं, "माझा चेहरा द्यायचा न्हाय. पायजे तर हात घे म्हणावं."

"अक्का, तुमच्या चेहऱ्यानं भाकरी करपती व्हय?"

"करपू दे."

त्यानं फोनवर माझ्या हातांचे फोटो काढले, परातीचे काढले, तव्याचे काढले. पाच भाकऱ्या नमुना म्हणून नेल्या. पानाची चावी, म्हणजे पानात शिरायचा शब्द, जावेकडून लिहून घेतली. "आता सगळं मी बघतो," म्हणाला.

आठ दिवसांनी जाऊ फोन घेऊन पळतच आली. फोनमध्ये एक आजी. नऊवारी, नाकात नथ, पांढरे केस तेल लावून चोपलेले, गालावर सुरकुत्या, आणि हसणं तर असं की वाटावं आपलीच कुणीतरी. ती म्हणत होती, "या लेकरांनो, आजीच्या हातची कडक भाकरी खायला." खरी वाटावी अशी. जाऊ म्हणाली, ती कॉम्प्युटरनं तयार केलेली आहे, असली बाई जगात कुठं नाही.

मी तिचे हात बघत होते. पीठ मळून झालेलं, पण बांगडीला कणभर पीठ नाही. भाकरी तव्यावर टाकली आणि पाणी न फिरवताच उलटली. मग ती टम्म फुगली, आणि आजीनं ती दुमडून वर लोण्याचा गोळा ठेवला.

"अगं, कडक भाकरी दुमडती कशी?"

"अक्का, तुमी बी ना! लोक किती बघायलेत ते बघा की."

मी जावेला जाहिरातवाल्याला फोन लावायला सांगितलं, तिलाच विचारायला लावलं, कडक म्हणजे तुम्हाला काय समजलं? तो पलीकडून हसला. "कडक म्हणजे एकदम भारी ना मॅडम? कडक चहा, कडक लूक, तसंच." नमुन्याच्या भाकऱ्यांचं काय केलं विचारलं तर म्हणाला, घरी जाईपर्यंत वाळून गेल्या होत्या, टाकून दिल्या.

माणसानं माझी भाकरी मोडूनसुद्धा बघितली नव्हती.

पार्सलं जायला लागली, मुंबईला, नाशिकला, कुठं कुठं. आणि मग पानावर लोक लिहायला लागले. शिळी भाकरी पाठवली. दगड पाठवले. आजीच्या नावाखाली लुटता का? जाऊ प्रत्येकाला समजावत बसायची की ही अशीच असते, आमटीत चुरून खा, शेंगाचटणी घेऊन खा. कोण ऐकतंय? त्यांनी लोणी लावलेली मऊ भाकरी डोळ्यांनी पाहिली होती.

एक दिवस गाडीतून नवरा-बायको आले. देवदर्शनाला निघाले होते. बाईनं दारातूनच विचारलं, "आजी आहेत का? नमस्कार करायचा होता."

जाऊ पटकन म्हणाली, "बार्शीला गेल्यात, लेकीकडं."

मी आतून ऐकत होते. त्या बाईनं माझ्या भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला, आणि नवऱ्याला म्हणाली, "आजींच्या हातची चव यांना नाही येणार."

जाऊ नंतर हसून हसून लोळली. मला हसू आलं नाही. नसलेल्या म्हातारीला लोक पाया पडायला येत होते, आणि भाकरी करणारीवर संशय घेत होते.

तरी ती परकी माणसं होती. खरं लागलं ते बाईंचं. आमच्याच गल्लीत शाळेतून निवृत्त झालेल्या बाई राहतात. मुलगा पुण्याला. दर महिन्याला वीस भाकऱ्या न्यायच्या, अगदी पहिल्यापासून. त्या आल्या, डबा पुढं केला, आणि हळूच म्हणाल्या, "एक विचारू? तू आता बाहेरून करून आणतेस का गं? फोनमध्ये वेगळंच कुणीतरी दिसतं. मुलगा म्हणाला, आई, आधी विचार, मग घे."

मला नाही म्हणायचं होतं. तोंडातून आवाज निघाला नाही. बाईंनी माझ्या गप्प राहण्याचा अर्थ लावला असणार. त्या दिवशी त्यांनी दहाच भाकऱ्या नेल्या.

मी जावेला म्हटलं, आजीला काढ. पण चावी जाहिरातवाल्यानं बदलून टाकली होती. जावेनं फोन लावला तर म्हणाला, "मॅडम, आजी चालतायत! चालणाऱ्या गोष्टीला कुणी हात लावतं का?" नंतर फोनच उचलेना. दोन दिवसांनी जाऊ फोन घेऊन आली. माझ्यापुढं धरला. तीच आजी, तीच नथ, कोकणातला कुणाचा तरी मासळीचा मसाला विकत होती. "या लेकरांनो," म्हणत होती.

"ही भवानी मासे बी खाती व्हय?" जाऊ म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पानासाठी ती दिवसदिवस खपली होती.

मला पानाचं काही वाटलं नाही. बाईंच्या दहा भाकऱ्यांचं वाटत होतं. त्यांना काय सांगणार? फोनमधली बाई खोटी म्हटलं तर मी खरी कशावरून?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅसची शेगडी आतल्या खोलीतून उचलली आणि उंबऱ्याजवळ आणली. परात आणली, पिठाचा डबा आणला. दार सताड उघडं ठेवलं. जाऊ बघतच राहिली. "अक्का, रील काढू?"

"फोन आत ठेव."

पहिली भाकरी कडेला फाटली. येणारे-जाणारे बघत होते. मान वर करायचं धाडस झालं नाही, नुसते पाय दिसत होते, चपला, सायकलीची चाकं. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दोन पाय थांबले ते हललेच नाहीत. मी पाणी फिरवलं, उलटली, फडक्यानं दाबली, पुन्हा दाबली. भाकरी उतरवून उभी करून ठेवली. तेव्हा वरून बाईंचा आवाज आला, "इतका वेळ लागतो एका भाकरीला?"

"व्हय," मी म्हटलं.

एवढंच. पण म्हटलं. बाईंनी पायरीवर बसून आणखी तीन भाकऱ्या होताना पाहिल्या, आणि राहिलेल्या दहा मागितल्या.

शेगडी आता दारातच असते. परवा मोटरसायकलवरून आलेला एक जण थांबला. काही न विचारता त्यानं फोन वर धरला. मी पदर ओढायला गेले तर दोन्ही हात पिठाचे. तोवर त्याचं काढून झालं होतं. तो निघून गेला. भाकरी घेतली नाही. माझा चेहरा आता कुठं असेल, आणि कुणाचं काय विकत असेल, कोण जाणे.