भिवाचा टाइम

नव्या वर्षाचे संकल्प करणाऱ्या माणसांचा मला मनापासून कंटाळा आहे. एक जानेवारीला नवी डायरी आणतात आणि दहा जानेवारीला तिच्यात किराणा मालाची यादी लिहितात. बोललेलं दर वर्षी करून दाखवणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आला. त्याचं काय झालं तेही मी पाहिलं, आणि त्यात माझा हात होता. म्हणून सांगायला बसलोय.

भिवा ओव्हाळ. मोशीचा, बौद्धवस्तीतला. चौसष्ट साली तो चिंचवडच्या आमच्या फाउंड्रीत लागला, फेटलिंग खात्यात. लोखंडाचा रस वाळूच्या साच्यात ओततात, तो थंड झाला की भागाला चिकटलेली वाळू छिन्नीने आणि ग्राइंडरने काढायची, हे फेटलिंग. तिथे भर दुपारी दिवे लावावे लागत. आत जाताना माणूस काळा असो की गोरा, बाहेर येताना सगळे एकाच रंगाचे. मॅनेजरसाहेब पाहुण्यांना सगळा कारखाना हौसेने दाखवायचे, फेटलिंगच्या दारावरून मात्र घड्याळ बघत पुढे सटकायचे.

मी टाइम ऑफिसात होतो. हजेरीची कार्डं सांभाळणं माझं काम. अक्षर बरं होतं, म्हणून कंपनीचं चार पानी मासिकही माझ्याच गळ्यात पडलं, आणि स्पोर्ट्‌सच्या दिवशी स्टॉपवॉचसुद्धा माझ्याच हातात.

भिवाचं वर्ष एक जानेवारीला सुरू होत नसे. पंचवीस डिसेंबरला, बुद्धमूर्ती बसवल्याच्या वर्धापनदिनी, देहूरोडच्या विहारात मोशीची सगळी वस्ती जायची. वंदना झाली की भिवा बायकोसमोर, जाईबाईसमोर, उभा राहून येत्या वर्षाच्या तीन गोष्टी सांगायचा. एक गाव बघायचं, एक विद्या शिकायची आणि एक धाव धावायची. सांगायचा मोठ्याने, आजूबाजूच्या चार माणसांना ऐकू जाईल असं, म्हणजे मागे फिरायला तोंड उरू नये.

आणि करायचा. पहिल्या वर्षी कार्ल्याची लेणी पायी जाऊन बघितली. मग अजिंठा. एका वर्षी समुद्र बघायला अलिबागला गेला आणि दुसऱ्याच दिवशी परतला. कसा होता विचारलं, तर म्हणाला, "लई हाय." बस, एवढंच. इंद्रायणीत पोहायला शिकला, बुलबुलतरंग शिकला, रस्त्यावरच्या इंग्रजी पाट्या अक्षर अक्षर लावून वाचायला शिकला. आम्ही चेष्टा करायचो, अर्थात. सगळ्यात जास्त चेष्टा सावळारामची असायची.

सावळाराम भिवाच्या शेजारच्या बाकावर काम करायचा. तोही मोशीचाच, पण गावातला, शेतकरी घरचा. जमीन कारखान्यांसाठी गेली, तिच्यामागोमाग तोही कारखान्यात आला. पहिली दोन वर्षं त्याने भिवाच्या डब्याला हात लावला नाही. मग एकदा त्याचा डबा घरी राहिला, आणि तिथून पुढे दोघं एकत्र जेवायला लागले. यात फार थोर काही झालं असं मला वाटत नाही. वाळू दोघांच्या भाकरीत सारखीच करकरायची.

आता गुळाचं सांगायला हवं. फेटलिंगच्या प्रत्येक माणसाला कंपनी दर पाळीला गुळाचा एक खडा द्यायची. नाकातोंडात गेलेली धूळ गुळाबरोबर पोटात उतरते आणि छाती साफ राहते, असं सगळे मानत. कामगार मानत, सुपरवायझर मानत, साहेबही मानत असतील, कारण गूळ धूळ खेचणाऱ्या पंख्यापेक्षा बराच सोपा होता. भिवाने त्याच्यापुढे स्वतःचं एक शास्त्र जोडलं. गूळ धूळ खाली नेतो आणि धावणं वर काढतं. पहाटे तो मोशीहून नदीच्या कडेने आळंदीच्या दिशेने धावायचा. थांबला की खोकायचा, आणि खोकल्याबरोबर काळं पडायचं. ते बघून तो खूश व्हायचा.

"बघा सोपानराव," मला सांगायचा, "आठवड्याची धूळ भाईर. सावळ्याला किती येळा सांगितलं, धाव माझ्यासंगं. त्यो आपला बसतो बिड्या फुकत."

मीही मान डोलवायचो. मला काय कळत होतं?

कंपनीची शर्यत जानेवारीत असे. गेटपासून निगडीच्या नाक्यापर्यंत आणि परत, दहा किलोमीटर. भिवा ती एकोणसत्तर सालापासून जिंकत आला. त्याचा सर्वांत चांगला टाइम अडतीस मिनिटं, बाहत्तर सालचा. पुढे टाइम वाढत गेला, पण त्याच्या मागचे इतके मागे असायचे की कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या यायला हवं होतं. आकडे मीच लिहीत होतो.

चौऱ्याहत्तर साली त्याने बासरी घेतली. त्याने बोललेली आणि न जमलेली ही पहिली विद्या. बोटं बरोबर पडायची, पण सूर लांबवायला गेला की मध्येच तुटायचा. जाईबाईने मला नंतर सांगितलं की तो चिडून म्हणाला होता, बांबूच खोटा हाय. ती बासरी त्याने पत्र्याच्या पेटीत तळाशी टाकली आणि पहाटेचं धावणं दोन मैलांनी वाढवलं.

शहात्तरच्या शर्यतीत तो पुन्हा पहिला आला. टाइम एक्कावन्न मिनिटं. मी त्याचा कप हातात घेतलेला फोटो मासिकात पहिल्या पानावर छापला आणि खाली लिहिलं, 'बारा वर्षे फेटलिंगमध्ये, तरी दम न लागणारा आमचा भिवा.' या ओळीचा मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता! घरी नेऊन बायकोला दाखवली होती.

त्याच वर्षी सावळाराम खंगायला लागला. जिना चढताना दोनदा बसायचा. कंपनीच्या डॉक्टरने छातीचा फोटो काढून क्षय लिहिला. क्षय म्हणजे, कंपनीच्या लेखी, घरून आणलेला आजार. माणूस आठ महिने इंजेक्शनं घेतो, बरा झाला तर येतो, नाही तर नाव कमी. युनियनचं म्हणणं होतं की हा क्षय नाही, ही धूळ आहे. कागदावर 'धूळ' असा शब्द आला असता, तर सावळारामला स्टोअरमध्ये हलकं काम द्यावं लागलं असतं आणि फेटलिंगला पंखे बसवावे लागले असते. सगळं त्या एका शब्दावर अडलं होतं.

सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये चौकशी झाली. मी कागद लिहायला बसलो होतो. पर्सोनेल ऑफिसरने टेबलावर काय ठेवलं असेल? माझं मासिक. फोटोखालची ओळ त्याने मोठ्याने वाचून दाखवली आणि मग भिवाला आत बोलावलं.

"किती वर्षं झाली फेटलिंगला?"

"तेरा, साहेब."

"धावताना दम लागतो? खोकला आहे?"

कोपऱ्यातल्या खुर्चीवर सावळाराम बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, श्वास ओढत. भिवाने त्याच्याकडे बघितलं. त्या दिवसांत भिवा पहाटे तीन ठिकाणी थांबत होता. थुंकी आता नुसती काळी नव्हती, तांबडीही होती. हे तेव्हा फक्त जाईबाईला माहीत होतं. होय म्हटलं, तर अनफिटचा कागद हातात येणार, शर्यत बंद, कदाचित कामही बंद. पण मला वाटतं, खरी अडचण याहून वाईट होती. होय म्हटलं, तर दहा वर्षं आपण धूळ बाहेर काढत होतो ही समजूतच खोटी ठरत होती.

"न्हाई साहेब," भिवा म्हणाला.

मी ते लिहून घेतलं. बाहेर पडताना सावळारामने भिवाच्या खांद्याचा आधार घेतला, आणि भिवाने तो दिला. ते बघून मला एवढा संताप आला की मी दौतीचं झाकण उगाच तीनदा लावलं. संताप कोणाचा, ते तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही.

सावळारामच्या कागदावर क्षयच राहिला, आणि अठ्ठ्याहत्तरच्या दसऱ्याआधी तो गेला. मातीला भिवा सगळ्यांच्या मागे उभा होता. सावळारामची बायको कुशाबाई त्याच्याजवळ आली आणि एवढंच म्हणाली, "भिवा, तू धावतूस म्हून तू ऱ्हायलास. ह्यांनी तुजं ऐकलं न्हाई." तिने दोष दिला असता तर बरं झालं असतं. भिवा तिथून चालत घरी गेला आणि चार दिवस कामावर आला नाही.

त्या पंचवीस डिसेंबरला मी पहिल्यांदा देहूरोडला गेलो. भिवानेच बोलावलं होतं. त्याने या वेळी तीन गोष्टी सांगितल्या नाहीत, एकच सांगितली. "आवंदा माज्या छातीतली धूळ कागदावर आणायची." जाईबाई खाली बघत राहिली.

त्या वर्षीचा त्याचा प्रवास म्हणजे दवाखाने. पुणे झालं, मग मुंबईचं मोठं हॉस्पिटल, दोन फेऱ्या. तिथल्या एका तरुण डॉक्टरने त्याला समोर बसवून छातीच्या फोटोतले पांढरे ठिपके दाखवले आणि चिठ्ठीवर सरळ लिहिलं, धुळीचा आजार. भिवा ती चिठ्ठी घेऊन गाडीतून उतरला, तो घरी न जाता थेट टाइम ऑफिसात आला. चिठ्ठी अर्जाला जोडून वर गेली, आणि कंपनीचं उत्तर दीड महिन्याने आलं. संबंधित कामगार शहात्तर सालापर्यंत सलग आठ वर्षे लांब पल्ल्याची शर्यत जिंकलेला आहे, चौकशीत त्याने स्वतः दम लागत नसल्याचे सांगितले आहे, सबब बाहेरील डॉक्टरांचा अभिप्राय ग्राह्य धरता येत नाही. सोबत मासिकाचं पान जोडलं होतं.

"सोपानराव," भिवा म्हणाला, "तुमी लिवलं व्हतं ना, दम लागत न्हाई म्हून? आता लिवा की लागतो. त्याच पानावर."

मी म्हणालो, बघतो. मासिक साहेबांच्या सहीशिवाय छापत नाहीत, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मी विचारून बघितलंसुद्धा नाही.

ऐंशीच्या जानेवारीत त्याने शर्यतीला नाव दिलं. मला वाटलं, डोकं फिरलं याचं. त्याने शांतपणे समजावून सांगितलं. मंडपात सगळे साहेब बसतात, डॉक्टर बसतो, पर्सोनेलवाला बसतो. त्यांच्यासमोर धावायचं. मुद्दाम पडायचं नाही, नाटक करायचं नाही, जेवढं होईल तेवढं खरं धावायचं. "ज्यांनी फोटू बघितला, त्यांनी हेबी बघावं." यंदाची धाव ती हीच.

सकाळी सातला शिट्टी झाली. गेटपासून शंभर पावलांवर भिवा चालायला लागला. पोरं बाजूने निघून गेली. एकाने ओरडून विचारलं, काका, चहा घेऊन येताय का? वळणावर तो दिसेनासा झाला. पहिला नंबर त्रेचाळीस मिनिटांत आला. साडेआठपर्यंत बाकीचे आले, नऊला बक्षिसं वाटली, नारळ फुटला, फोटो निघाले. साहेबांच्या गाड्या गेल्या. डॉक्टर सर्वांत आधी गेला, त्याला कुठे तरी लग्न होतं. कोणी तरी म्हणालं, भिवा मध्येच घरी गेला असणार.

मी थांबलो. घड्याळ बंद केलं नव्हतं.

दहा वाजून वीस मिनिटांनी तो आला. रस्त्याच्या कडेने, दर वीसेक पावलांवर गुडघ्यांवर हात टेकत. बनियनवर पुढे लाल डाग होता. मंडपवाले खुर्च्या दुमडून टेम्पोत टाकत होते, कनात उतरली होती. ज्या जागी साहेब बसले होते, त्या जागेकडे तो बघत राहिला. मग चुन्याची रेघ जिथे अर्धी पुसली गेली होती तिथे नीट पाय टाकून त्याने ती ओलांडली आणि खाली बसला. बोलायला त्याला बराच वेळ लागला.

"गेले?"

"गेले."

"टाइम लिवा, सोपानराव. कागदावर आला पायजे."

मी रजिस्टरमध्ये लिहिला. तीन तास वीस मिनिटं. शेरा या रकान्यात लिहिलं, श्वास लागल्यामुळे, धुळीचा आजार. तो शब्द मी लिहिला. भिवाने वाकून वाचला. अक्षर अक्षर लावून वाचला आणि मान हलवली.

सोमवारी पर्सोनेल ऑफिसरने रजिस्टर मागवलं. तो ओरडला नाही. चहा मागवला, माझ्या मुलाची चौकशी केली, आणि म्हणाला, "नंबरात आलेल्यांचीच नावं ठेवतो आपण. पान जरा स्वच्छ लिहून आणा." मी स्वच्छ लिहून नेलं. अक्षर चांगलं आहेच माझं.

भिवा एक्क्याऐंशीच्या पावसाळ्यात गेला. मृत्यूच्या दाखल्यावर क्षय लिहिलं होतं. त्या डिसेंबरात देहूरोडला जाईबाई भेटली. पंचवीस तारीखच होती. कडेवर नात होती, गर्दीत धक्के बसत होते.

"भाऊ," ती म्हणाली, "शेवटपतूर एकच म्हनायचे, सोपानरावांनी टाइम लिवलाय, कागदावर आलंय. लिवला व्हता ना तुमी?"

चौकशीच्या खोलीत भिवा 'न्हाई' म्हणाला होता, तेव्हा मला त्याचा राग आला होता.

"हो," मी म्हणालो, "लिहिलाय."

तिने हात जोडले. मी तिथून निघालो आणि पुन्हा कधी त्या गर्दीत गेलो नाही.

आता साहेब नाही, सही नाही, रजिस्टर केव्हाच रद्दीत गेलं. म्हणून इथे लिहितो. भिवा ओव्हाळ, फेटलिंग खातं. गेट ते निगडी नाका आणि परत. तीन तास वीस मिनिटं. शेरा : धूळ.