झेंडूचा हार आणि जावयाचं ऊन

सूर्यानं किती वाजता काय करायचं, हे मी एकदा कागदावर लिहून सासुरवाडीच्या भिंतीवर चिकटवलं होतं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी वाशीत राहणारा, तळोज्याच्या कारखान्यात इलेक्ट्रिकचं काम बघणारा (म्हणजे स्वतःला शहाणा समजणारा!). सासरे उरणजवळ खाडीच्या बांधावर राहून मिठागर सांभाळायचे. तिथे विजेचा खांबसुद्धा पोहोचला नव्हता. पण दसऱ्याला संध्याकाळी साडेसहाला माझी धाकटी मेहुणी, मुंबईला राहून नाच शिकणारी बेबी, टीव्हीवर नाचणार होती!

"जावय, मना माजी पोर बगाची हाय," सासूबाई म्हणाल्या. लग्नानंतर आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

मी सोलर पॅनेल, बॅटरी आणि छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घेऊन आदल्या दिवशीच हजर! अंगणात सगळं बसवलं. ऊन किती तास, दिवा किती वेळ, टीव्ही किती वेळ, सगळा हिशोब भिंतीवर. संध्याकाळी भावकी बघायला जमली. मग काय, मला चेव आला. दिवा लाव, विझव, परत लाव!

"बॅटरी पुरल ना?" सासऱ्यांनी विचारलं.

"मामा, उद्याचं ऊन मी मोजून ठेवलंय!"

दसऱ्याला सकाळी सासऱ्यांनी फावडी, घमेली धुऊन पुजली. मला वाटलं, आपलं पॅनेलही अवजारच की! झेंडूचा मनगटाएवढा जाड हार आणला आणि काचेवर आडवा-उभा मस्त सजवला. वर आपट्याची पानं.

"अहो, काचेवर हार?" बायको म्हणाली.

"वर्षाच्या सणाला मोडता घालू नकोस!"

मग दिवसभर मी पॅनेलची राखण केली. कावळा हाकलला. कोंबडी हाकलली. सुकट वाळत घालायला आलेल्या सासूबाईंनाही हाकललं. "मामी, बाजूला व्हा, सावली पडते!"

साडेसहाला अख्खी भावकी टीव्हीसमोर. बेबीचं नाव पुकारलं, ढोलकी वाजली आणि चित्र आक्रसत आक्रसत टिकलीएवढं झालं. मग टिकलीही गेली.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "हार..."

पॅनेलचे तुकडे एकामागे एक जोडलेले असतात, थोडे झाकले तरी सगळ्यांचा जोर जातो. कारखान्यात हे मी दुसऱ्यांना शिकवायचो! सासूबाई काळ्या पडद्याकडे बघत बसल्या. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात चुलत मेहुणा दत्ता उठला. दारातल्या टेम्पोची बॅटरी काढून त्यानं टीव्हीला जोडली. (टेम्पोलाही हार होता. पण त्याला ऊन खायचं नव्हतं!) नाचाची शेवटची दोन मिनिटं मिळाली. सासूबाईंनी काचेवर बेबीच्या गालाला हात लावला.

"बारीक झालीय पोर," त्या म्हणाल्या आणि रडल्या. मीही रडलो. मला तर दुहेरी कारण होतं.

आता दर दसऱ्याला सासूबाई पॅनेल नुसतं ओल्या फडक्यानं पुसतात. हार मात्र सकाळी सकाळी माझ्या गळ्यात घालतात. त्यांचा अनुभव असा, की हार घातला की यंत्र दिवसभर गप्प बसतं!