भूमिकासाठी मागितलेलं प्रमाणपत्र

जरीपटक्यातल्या डॉ. कामिनी रामटेके यांच्या दवाखान्यात मी अकरा वर्षांपासून रिसेप्शनला बसते. मॅडम लहान आणि किशोरवयीन मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञ. लोकांना वाटतं, अशी डॉक्टर शांत, गोड बोलणारी असणार. मुलांशी त्या तशाच असतात. मोठ्यांवर मात्र चिडतात, आणि मला विचाराल तर त्यांचं चिडणं कमीच पडतं.

शिकत असताना एका वरिष्ठ डॉक्टरांनी त्यांना ऐकवलं होतं, "पोरांना कसलं आलंय मन? दोन चापट्या दिल्या की येतात ठिकाणावर." त्याच आठवड्यात मॅडमनी ही शाखा घ्यायचं ठरवलं. तेव्हापासून त्यांचा एकच हट्ट आहे. मूल समोर बसलेलं असताना त्याच्याबद्दल तिसऱ्याशी बोलायचं नाही. आईबाप "हा असाच करतो" म्हणून सुरू झाले की मॅडम त्यांना बाहेर पाठवतात, आणि ते बाहेर येऊन माझ्यावर डाफरतात.

मागच्या वर्षी जानेवारीत शहराच्या कडेच्या वाडीहून माया आणि प्रीतम त्यांच्या नऊ वर्षांच्या भूमिकाला घेऊन आले. प्रीतम गोदामात माल उतरवतो. कळमेश्वरजवळचं गाव सोडून ते आदल्या जूनमध्ये वाडीला खोली करून राहिले होते, पोरीला नव्या शाळेत चौथीत घातलं होतं. जुलैपासून तिनं शाळेत तोंड उघडलं नव्हतं. शाळेनं चिठ्ठी दिली होती: मुलगी मतिमंद आहे, डॉक्टरांचं तसं प्रमाणपत्र आणा, नाहीतर नाव काढून न्या.

"घरी तं पटपट बोलते, मॅडम," माया रडत म्हणाली. "शाळेतच काहून मुकी होते, काही समजून नाही राहिलं."

मॅडमनी भूमिकाला एकही प्रश्न विचारला नाही. पहिल्या दिवशी दोघी फरशीवर बसून चित्रं रंगवत होत्या. पुढच्या आठवड्यातही तेच. त्यातच कधीतरी मॅडमनी बुद्धीची चाचणी उरकली, न बोलता बोटानं उत्तर दाखवायची. पोरगी वयाच्या मानानं चांगलीच हुशार निघाली. तिसऱ्या खेपेला मी फाइल ठेवायला आत गेले, तेव्हा मॅडम तान्ह्या पोळ्याला लहान पोरं मिरवतात तसला लाकडी बैल हातात घेऊन बसल्या होत्या.

"हा घोडा लय गुणाचा हाये," त्या म्हणाल्या.

"बैल हाये तो," भूमिका म्हणाली.

मी जागीच थांबले. मॅडमनी मान वर केली नाही. "हो वं? मले वाटलं घोडाच हाये."

पोरगी त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुमी बी 'मले' म्हणता?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. जुलैत तिनं वर्गात हात वर करून विचारलं होतं, "मॅडम, मले पाणी प्यायले जाऊ द्या न." बाईंनी तिची नक्कल केली. फळ्यावर 'मले' लिहून सगळ्या वर्गाकडून तीनदा म्हणून घेतलं. वर्ग हसला. त्या दिवसापासून तिचं नावच 'मले' पडलं. बाईसुद्धा हजेरीला तेच म्हणायच्या.

मायाची परवानगी घेऊन मॅडम एका गुरुवारी दवाखाना बंद ठेवून शाळेत गेल्या. मला सोबत नेलं, पुढे कोणी शब्द फिरवला तर साक्षीला माणूस हवं म्हणून. मुख्याध्यापकांनी चहा मागवला. बाई हसून म्हणाल्या, "गंमत केली हो. आणि भाषा शुद्ध नको का मुलांची?"

"माझी आई 'मले'च म्हणते," मॅडम म्हणाल्या. "तिची भाषा अशुद्ध आहे, हे मला सांगा."

मुख्याध्यापकांनी विषय बदलला. "ते प्रमाणपत्र दिलंत, तर विशेष शाळेत सोय होईल तिची."

मॅडम उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज बाहेर व्हरांड्यापर्यंत गेला असेल. "एका लेकराचं तोंड तुम्ही बंद केलं, अन् ते मुळातच बंद होतं असा कागद माझ्याकडून मागून राहिले? नाही मिळणार."

चहा तसाच राहिला.

जूनमध्ये पाचवीला भूमिका जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. मॅडम आधी तिथल्या शिक्षकांना दोनदा भेटून आल्या. तिला बोलायला लावू नका, वाट बघा, एवढंच सांगून आल्या. तरी दोन महिने ती गप्पच होती. ऑगस्टच्या शेवटी हजेरीला एकदा "हजर" म्हणाली. दिवाळीपर्यंत बाजूच्या पोरीशी भांडायला लागली.

ते सांगायला माया आली आणि मॅडमच्या पाया पडायला वाकली. मॅडम मागे सरकल्या.

"पाया कायले पडता? पोरगी भेदरली होती, मतिमंद नव्हती. तिले मतिमंद ठरवणाऱ्या बाई अजून चौथीच शिकवून राहिल्या."

फेब्रुवारीतच त्यांनी शिक्षण विभागाला त्या बाईंविरुद्ध दोन पानी तक्रार दिली होती. उत्तर आलं ते एका ओळीचं: नोंद घेतली आहे. माया गेल्यावर मॅडमनी त्या कार्यालयाला फोन लावला. कोणी उचलला नाही. त्यांनी पुन्हा लावला.