डोक्यावरची टाकी

"मग काय पाहिजे काय तुला? चार खेपा घातल्या त्या बिल्डरकडं, तवा कुठं टाकी कबूल केली त्यानं. दहा हजार लिटरची! फुकटात!"

"पाणी नको कोण म्हणलं? डोक्यावर नको म्हणले."

"टाकी डोक्यावरच असती सिंधु, सगळ्या जगात."

"आपल्या पलंगाच्या बरोबर वर नसती."

पंचाक्षरीने ताट पुढे सरकवलं. त्याचं गूळ मार्केटजवळ पाण्याच्या जळालेल्या मोटारी तार गुंडाळून भरून द्यायचं दुकान होतं, आणि सकाळी घरातून निघताना वाद झाला की दिवसभर तो गिऱ्हाइकांवर खेकसायचा. रेणापूर नाक्यापलीकडे त्यांनी रो हाऊस घेतलं होतं. भाव कमी करायला गुरुपादप्पा बिल्डर तयार नव्हता, म्हणून पंचाक्षरीने वरच्या गोष्टी मागून घेतल्या : किचनला ट्रॉल्या, लोखंडी गेट, आणि स्लॅबवर सिमेंटची टाकी. बाथरूमचे पाइप जवळ पडतात म्हणून टाकी बेडरूमवर. उद्या सकाळी आठला त्या स्लॅबचं काँक्रीट पडणार होतं.

"सोळा साल इसरलीस का गं?" कोपऱ्यातून सासू साखराबाई म्हणाली. "रेल्वेनं पाणी आलं या गावाला. टँकरच्या रांगेत माझं मनगट मोडलं. मला भरलेली टाकी बघून मरू दे."

"आज्जी, मरायचं कशाला? टाकीच पडंल की," ऋतुजा पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली. ती बारावीला होती. "बाबा, दहा हजार लिटर म्हंजे दहा टन. सिमेंट वेगळं. भरलेला उसाचा ट्रक समजा."

"तू नीटचा अभ्यास कर," पंचाक्षरी म्हणाला, आणि चपला घालून गेला.

पण ट्रक घरात शिरला तो शिरलाच. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना सिंधुला तो वर उभा दिसत होता. चारी चाकं तिच्या पलंगावर.

सिंधु औसा तालुक्यातली. त्र्याण्णव साली ती दहा वर्षांची होती. गणपती बुडवून आल्यावर उकडतं म्हणून ती बापाजवळ अंगणात झोपली. लहान भाऊ विरेश आजीपाशी आत झोपला होता. वर हातभर मातीचं माळवद, आणि मांजर येतं म्हणून आजीने दाराला आतून कडी घातलेली. पहाटे जमीन हलली. माळवद खाली आलं, पण दाराची चौकट उभी होती, कडीसकट. आतून विरेशचा आवाज दुपारपर्यंत येत होता.

हे ती कुणाला सांगत नसे. लग्न होऊन आली तेव्हा तिने फक्त दोन गोष्टी सुरू केल्या. झोपायच्या खोलीचं दार कधी लावलं नाही. नव्या नवरीचं हे बघून जावा हसल्या होत्या. आणि फळीच्या कडेला पितळी तांब्या पालथा घालून त्यावर फुलपात्र ठेवायला लागली. जमीन जरा जरी हलली तरी फुलपात्र पडावं, जाग यावी. सोळा सालानंतर साखराबाई घरातली प्रत्येक वाटी, पातेलं, चहाची किटलीसुद्धा पाण्याने भरून ठेवायची. पण त्या तांब्याला तिने कधी हात लावला नव्हता.

अकरा वाजता सिंधु ऑटो करून साइटवर गेली. आयुष्यात पहिल्यांदाच ती नवऱ्याशिवाय बिल्डरकडे चालली होती.

गुरुपादप्पा पत्र्याच्या ऑफिसात बसला होता. "या वैनी, या. चहा सांगू?"

"वरच्या स्लॅबला दहा टन चालतंय का?"

तो हसला. "हत्ती नाचवा."

"इंजिनियरला इचारलं का?"

"वैनी, साहेबांनी टाकी मागितली, मी दिली. सळई वाढवली की थोडी. भूकंपाचं म्हणाल तर तीस वर्सं झाली त्याला. आता काय न्हाई होत."

इंजिनियरला विचारलं असं तो म्हणाला नाही. सिंधु उठली आणि आपल्या घराचा जिना चढू लागली.

बेडरूममध्ये टेकूंची दाटी होती. वर लोखंडी प्लेटा, फटींतून उन्हाचे पट्टे. खोलीत पाऊल टाकल्याबरोबर तिच्या कानांत घूं झालं. पलंग येईल तिथे ती उभी राहिली. तिने एका टेकूला हात लावला. मग पटकन काढून घेतला. वर जिलानी मिस्त्री सळया बांधत होता.

"जिलानीभाई!"

प्लेटांच्या कडेवरून त्याची पांढरी दाढी डोकावली. "बोला भाभी."

"टाकी इथंच होनार का?"

"हौ. हे काय, तिच्या खांबांच्या सळया उठल्या न्हाई का."

"ह्ये पेलंल का?"

त्याने तार पिळायचा आकडा हातात फिरवला. खाली वाळूचा ट्रॅक्टर रिकामा होत होता, त्याचा आवाज तेवढा आला.

"मी बांधनारा मानूस, भाभी. नक्शात टाकी न्हाई, एवढं म्हाईत. तुमची झोपायची खोली कोनती?"

"हीच."

"मग पोरगी झोपती त्या खोलीत झोपा तुमी बी," तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता पुन्हा कामाला लागला.

सिंधु जिना उतरली ती भिंतीला धरून. ऑफिसात येईपर्यंत ब्लाउज घामाने पाठीला चिकटला होता. तिच्यासाठी आणलेला चहा गार झाला होता. तिने तो तसाच पिऊन टाकला.

"शेठ, टाकी खाली करा. पोर्चमध्ये हौद."

गुरुपादप्पाचं हसू गेलं. "सळया उभ्या हायत वैनी. कापायच्या, खड्डा घ्यायचा, मुरूम लागंल तिथं ब्रेकर. फुकट कसं जमंल? एकतर टाकी वर ठिवा, न्हाई तर ट्रॉल्या सोडा. साहेबांना इचारा, चारपर्यंत सांगा."

ट्रॉल्या. भाड्याच्या दोन खोल्यांत अठरा वर्षं तिने डबे पलंगाखाली ठेवले होते. मनतशा नावाच्या शेजारणीच्या घरी ती ट्रॉली नुसतीच ओढून बघायची. आवाज न करता सरकत यायची ती. ट्रॉल्यांचा रंगसुद्धा सिंधुने ठरवला होता. मोरपिशी.

तिने नवऱ्याला फोन लावला नाही.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. पंचाक्षरी सकाळच्याच तोंडाने बसला होता. साखराबाईने किटली भरून शेगडीशेजारी ठेवली. सिंधुने आधी सासूच्या ताटात भाकरी घातली.

"आत्याबाई, हौदाला बादली लागती. लाइट न्हाई लागत."

"कसला हौद?" पंचाक्षरीने विचारलं.

ती सगळ्यांना वाढून झाल्यावर बोलली. पळी आमटीतच सोडून दिली.

"टाकी वर होनार न्हाई. पोर्चमध्ये दहा हजार लिटरचा हौद होनार, मोटार तुमी बसवा. ट्रॉल्या सोडल्या, साधा कडप्प्याचा ओटा राहील. वरच्या सळया माझ्यासमोर कापल्या. आनि झोपायच्या खोल्यांना आतून कड्या बसवायच्या न्हाईत, तेबी सांगून आले."