यमुनाताईंची पडवी

यमुनाताईंना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या कार्याविषयी या ग्रंथात जाणती मंडळी लिहितीलच. मी लिहिते आहे ती त्यांच्या पडवीत वाढलेल्या एका मुलीची आई म्हणून.

माझे यजमान जयगडचे, गलबतावर खलाशी होते. एका खेपेला गलबत परतलेच नाही. आठ महिन्यांच्या सुमनला घेऊन मी रत्नागिरीस आले आणि घरोघर भात कांडू लागले. कडेवर मूल असलेली बाई कोणी कामाला ठेवीत नसे. मग इतर बायका करीत तेच मीही केले. सकाळी मुलीला अफूचा कण चाटवायचा, खोलीला कडी लावायची आणि निघायचे.

एके दुपारी परतले तर सुमन उठेना. ओठ निळसर पडले होते. तिला उचलून मी समोरच्या घरी धावले. तिथल्या यमुनाताई सुईणीचे काम करतात, एवढेच ऐकून होते.

"काय दिलंस गो हिला? खरं सांग."

मी सांगितले. ताईंनी पोर माझ्या हातून ओढूनच घेतली. डॉक्टरांकडे माणूस धाडला, तर ते देवरुखास गेलेले. ताई सुमनच्या तोंडावर गार पाणी मारीत होत्या, तळपायांना टिचक्या देत होत्या. श्वास मध्येच अडके, की जोराने हाका मारीत. उन्हे कलली तेव्हा कुठे सुमन रडली. मी तिला उगी करायला धावले.

"रडू दे गो तिला! पोटभर रडू दे."

मग म्हणाल्या, "उद्यापासून कामाला जाताना हिला माझ्याकडे ठेव. आणि ती अफूची डबी इकडे दे."

हळूहळू ताईंच्या पडवीत विधवांची, टाकलेल्या बायकांची मुले येऊ लागली. जिला जमेल ते तिने द्यावे; कोणी पायलीभर तांदूळ देई, कोणी पडवी सारवून जाई. घरमालक संतापून आले, "असल्या बायकांची पोरं इथं नकोत. नाहीतर जागा सोडा!"

ताई शांतपणे म्हणाल्या, "यातलं कुठलं पोर बाहेर काढू, ते आत येऊन दाखवा."

ते उंबऱ्याशी थांबले, आत काही आले नाहीत. पुढे कित्येक महिने आम्ही धास्तीत काढले. पण जागा राहिली.

सुमनची काळजी मिटली, म्हणून मी लिहायला-वाचायला शिकले, पुढे शिक्षिकेची परीक्षा दिली. आज मुलींच्या शाळेत शिकवते.

ताईंचे गुडघे आता दुखतात, तरी त्या बसत नाहीत. त्यांना उदंड आयुष्य आणि निकोप प्रकृती लाभो, असे मागताना आम्हा आयांचा एक हट्टही आहे. ताईंनी रोज दुपारी तासभर स्वस्थ आडवे व्हावे. तेवढा वेळ पोरांकडे आम्ही पाहू.