पोथीचं चिकटलेलं पान

ढिवरांची गुणाबाई गावच्या तलावात मासोळ्या धरायची आणि वडशाच्या बाजारात विकायची. नवरा मुखरू तापानं गेला तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. त्या वर्षी तलावाकाठच्या देवीच्या जेवणाला ती नेहमीसारखी पंगतीत बसली आणि देवीची पोथी वाचणाऱ्या बापूजींनी तिला उठवलं. रागानं नाही, खाली बघत. पोथीत तसं लिहिलंय, म्हणाले, नवरा गेलेल्या बाईनं मागाहून जेवावं.

पोथी त्यांच्या आजानं हातानं लिहिलेली. दरवर्षी बापूजी वाचत आणि ‘पती जियेचा निमाला, न बैसवावी ती पंगतीला’ इथं पान संपे.

बावीस वर्षं गुणाबाई शेवटी जेवली. सासू रुखमाबाईही विधवाच. दोघी देवळामागं बसून भात शिजवलेल्या गंजाच्या बुडाला उरलेलं खात. देवानं लिहिलेल्याशी काय भांडायचं, असं सासू म्हणायची, आणि तशीच ती एक दिवस गेली. देऊळ सारवायला मात्र दोघींचे हात गावाला चालत होते.

परवाच्या उन्हाळ्यात पोथीला कसर लागली. बापूजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून त्यांनी पोथी उन्हात घालायचं काम गुणाबाईला सांगितलं. चौथीपर्यंत शिकलेली बाई, ती एकेक ओळ लावत पानं सुटी करू लागली. एक पान हाताला जाड लागलं. दोन पानं होती, तेला-हळदीनं एकमेकांना चिकटलेली. जाळं विणायच्या सुईनं तिनं ती सोडवली. आतल्या बाजूला ओवी पुढं चालूच होती: ‘सगळ्यांमागुती, पहिला घास तिचा.’

म्हणजे तिला सगळ्यांच्या मागून बसवू नका. पहिला घास तिचाच.

गुणाबाईनं ते तीनदा वाचलं. आनंद झाला नाही. सासू आठवली आणि ती अंगणातच बसून रडली. मग पोथी घेऊन बापूजींकडे गेली आणि त्यांना ओवी वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला लावली. बराच वेळ ते पानावरून बोट फिरवत राहिले.

“माह्या बापानं असंच वाचलं, मीबी तसंच वाचलं,” ते म्हणाले. “पान जाड लागे बोटाले. पण उघडून पाह्यलं नाई.”

“अन् पोथीत खरंच तसं लिहून असतं, तं?” गुणाबाईनं विचारलं. “भाऊ, मी मांगं बसलेली तुमाले दिसत नोहती का?”

“दिसे बाई. म्हणून तं तिकडं पाहातच नोहतो.”

त्या वर्षी जेवणाआधी बापूजींनी उभं राहून साऱ्या गावाला आपली चूक सांगितली. त्यांच्याच पुतण्यानं, प्रफुलनं, वाद घातला की इतक्या पिढ्यांची रीत खोटी कशी. दोन घरं पानावरून उठून गेली. त्यातलं एक अजून येत नाही. बाकीचे हात आवरून थांबले. गावातल्या पाच विधवा पहिल्या ओळीत बसल्या आणि बापूजींनी चाचपडत त्यांच्या पानात भात वाढला.

गुणाबाई भात नुसताच कालवत बसली. शेजारी बुधरी बसली होती, चोवीस वर्षांची, गेल्याच साली नवरा गेलेली. ती पोटभर जेवत होती, वरण पुन्हा मागून घेत होती. तिच्याकडे बघत बघत गुणाबाईनं आपलं पान संपवलं.