भिंतीवरचा हेवीवेट

सुकदेव अण्णा कुणालाही भेटले की नमस्काराच्या आधी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत आणि त्याचं वजन सांगत. नुसतं वजन नाही, बॉक्सिंगमधला गटसुद्धा. आमची पहिली भेट नाशिक रोडला त्यांच्या पिठाच्या गिरणीत झाली. मी गव्हाचा डबा खाली ठेवतो न ठेवतो तोच ते म्हणाले, "मास्तर, सत्तर किलो. त्यातली दहा किलो काळजी. ती काढली तर लाइटवेट गटात बसाल."

मी शिक्षक आहे हे त्यांना कुणी सांगितलं होतं, ठाऊक नाही. काळजीचं मात्र कुणी सांगायची गरज नव्हती. मी अपराधी चेहरा घेऊनच जन्माला आलो आहे. वर्गात कुणाचं पेन हरवलं तर सगळ्यांत आधी माझा चेहरा पडतो.

एका लग्नात अण्णा माझ्यासोबत स्टेजवर आले. जोडप्याला आशीर्वाद दिला आणि खाली उतरताना, गिरणीच्या आवाजामुळे जडलेल्या त्यांच्या खणखणीत कुजबुजीत म्हणाले, "नवरदेव फ्लायवेट, नवरी वेल्टर, कितीतरी गट वरची. पहिल्या राउंडातच निकाल." नवरीचे मामा रागाने वळले. अण्णांनी लगेच मामांचंही वजन सांगितलं, ऐंशी किलो. मामा एकदम खूश! बाहेर आल्यावर मी म्हणालो, "अण्णा, ते ऐंशीचे कुठले? शंभराला टेकलेत." अण्णा म्हणाले, "खरं वजन फक्त रिंगमधल्या पोरांना सांगायचं, मास्तर. बाकीच्यांना पचेल तेवढंच."

अण्णा, म्हणजे सुकदेव अहिरे, मूळचे नामपूरचे. तिथल्या बाजारात कांद्याच्या गोण्या वाहिल्या, मग नाशिकला आले, आमच्या व्यायामशाळेत बॉक्सिंग शिकले आणि तीनदा राज्याचे हेवीवेट चॅम्पियन झाले. एवढ्या वर्षांत त्यांची बोली शहरी झाली होती, पण रंगात आले की "चॅम्पियन कोन शे? मी शे!" अशी गावाकडची अहिराणी बाहेर यायची, 'आहे'चं 'शे' व्हायचं. खरं तर ते हेवीवेट जेमतेमच होते. वजनाच्या दिवशी सकाळपासून केळी खात आणि पाणी पीत, काट्यावर उभे राहीपर्यंत. एवढा खटाटोप कशासाठी, असं विचारलं तर म्हणत, "खालच्या गटात लय गर्दी. वरच्या गटात कोनीच नाय. बस रिकामी असल्यावर मानसानं उभं कशाला राहायचं?"

हेच वाक्य पुढे त्यांच्या अंगाशी आलं.

व्यायामशाळेत एक मानाची भिंत आहे. राज्य गाजवलेल्या जुन्या खेळाडूंचे फोटो तिथे लावतात. अण्णांचा फोटो लावावा की नाही, यावर कार्यकारिणीत वाद सुरू झाला. अध्यक्ष गायधनी सर निवृत्त क्रीडाशिक्षक. अजूनही खिशात शिट्टी ठेवतात आणि चर्चा तापली की ती बाहेर काढतात. त्यांचा एकच सवाल होता, "तीनदा चॅम्पियन, मान्य. पण हरवलं कोणाला? मोकळ्या बसमध्ये बसणाऱ्याला ड्रायव्हरचा मान द्यायचा का?" दुसरी बाजू म्हणे, नियमात 'राज्य विजेता' एवढंच आहे, 'कोणाला हरवून' असं कुठे आहे?

चिटणीस मी. माझं अक्षर चांगलं, म्हणून. भांडण मिटावं या तळमळीने मी एक तोडगा लिहिला: 'श्री. अहिरे यांच्या छायाचित्राचा विचार योग्य वेळी करावा.' सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. भिंतीवरचे बाकीचे सगळे दिवंगत असल्यामुळे योग्य वेळ म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही.

अण्णांनी विचारलं. दुसऱ्याच दिवशी, गिरणी बंद करून, म्हणजे चौकात सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने. "मास्तर, योग्य वेळ म्हंजे मी गेल्यावर ना?"

हातातल्या डब्याचं झाकण मी तीनदा लावलं, तीनदा काढलं.

"घाबरू नका. मी बघतो कधी जमतं ते."

त्यानंतर दळण आणायला गेलो की ते माझी माफी मागत. "सॉरी मास्तर, या आठवड्यातपन जमलं नाय. बीपी नॉर्मल निघालं." कधी खोकला झाला की उत्साहाने सांगत, "सरांना म्हनावं, खिळा आनून ठेवा." गिऱ्हाइकं हसत. मी पीठ घेऊन घरी येई आणि त्या पिठाची पोळी ताटात तशीच ठेवून उठे. बायकोने शेवटी दळणाला स्वतः जायला सुरुवात केली.

दसऱ्याला आमच्याकडे ग्लोव्हज, मुद्गल, डंबेल्स यांची पूजा होते आणि भिंतीवरच्या फोटोंना झेंडूचे हार घालतात. गायधनी सर एकेका काचेला गंध लावत पुढे सरकतात, मागे आरती चालू असते. त्या वर्षी सर तिसऱ्या फोटोपर्यंत आले आणि थबकले. तिसऱ्या आणि चौथ्या फोटोच्या मधल्या मोकळ्या जागेत अण्णा उभे होते. पांढरा शर्ट, छातीवर मेडल, गळ्यात झेंडूचा हार. नजर समोर, पापणी हलत नव्हती.

आरती मध्ये थांबवता येत नाही. मागे सगळी व्यायामशाळा टाळ्या वाजवत होती. सरांनी क्षणभर शिट्टी चाचपली, मग दात-ओठ खात अण्णांच्या कपाळाला गंध लावलं आणि पुढे गेले. अण्णा हलले नाहीत. दोन आजीबाईंनी तर त्यांना नमस्कारही करून घेतला. पेढ्याचं ताट फिरलं तेव्हा मात्र फोटोने हात पुढे केला.

"पुरे झाला हा तमाशा!" सर ओरडले. "अण्णा, सगळ्यांसमोर सांगा. हरवलं कोणाला तुम्ही?"

"पहिल्या वर्षी कोनी आलंच नाय," अण्णा पेढा खात म्हणाले. "दुसऱ्या वर्षी एक आला. माझ्याकडं बघितलं अन् त्याला ताप भरला."

लोक खो-खो हसले.

"आणि तिसऱ्या वर्षी?"

अण्णांनी हाताला लागलेला पेढा रुमालाला पुसला. "तिसऱ्या वर्षी मी हरलो, सर."

पेढ्याचं ताट फिरता फिरता जागीच थांबलं.

"मोहिते म्हनून पोरगा होता, कोल्हापूरकडचा. तीन राउंड त्यानं मला धुतला. पन मॅच आपल्या नाशकात, पब्लिक आपलं. पंचानं हात उचलला तो माझा. मोहिते काय बोलला नाय. माझ्याशी हात मिळवला अन् गाडीला निघून गेला. मी तेव्हाच हात खाली घ्यायला पायजे होता. नाय घेतला. लय टाळ्या होत्या, सर."

"मग भिंत कशाला हवी तुम्हाला?"

"मला नाय, त्याला हवी." अण्णांनी खिशातून एक जुना फोटो काढला. रिंगमधला क्षण होता. एका उंच, सडपातळ पोराचा ग्लोव्ह अण्णांच्या तोंडावर असा बसला होता की अण्णांचा चेहराच दिसत नव्हता. "त्याचा एकट्याचा तुम्ही लावनार नाय, तो तुमचा कोन? माझ्याबरोबर येईल. पन मी मेल्यावर तुम्ही माझा पासपोर्टचा फोटो मोठा करून टांगाल. म्हनून जिवंतपनीच लावायची घाई करत होतो."

तिथेच, हार-फुलांमध्ये, कार्यकारिणीतल्या आम्हा पाच जणांचं मतदान झालं. दोन बाजूने, दोन विरुद्ध. विरुद्ध असणाऱ्यांत सर होते. पाचवं मत माझं. जो स्वतःच हरलो म्हणतो त्याला विजेता म्हणून भिंतीवर चढवायचं, हा माझ्या मते खोटेपणा होता. आणि न चढवणं हा त्याहून मोठा. दोन्हीकडून अपराधी वाटत असताना मी फोटोच्या बाजूने हात वर केला.

फोटोखालची ओळ अण्णांनी सांगितली, मी लिहिली: 'विजयी: मोहिते. सोबत: सुकदेव अहिरे, राज्य हेवीवेट चॅम्पियन.'

सर तणतणले, "दोन्ही कसं खरं असेल?"

"दोन्ही खरं शे, सर," अण्णा म्हणाले.

गेल्या श्रावणात अण्णा गेले. झोपेतच, कुणाला तसदी न देता. तेरावं झाल्यावर त्यांचा मुलगा व्यायामशाळेत आला. स्टुडिओत काढलेला, सोनेरी चौकटीतला मोठा फोटो त्याने आणला होता. कोट, टाय, भांग. मुलगा म्हणाला, "काका, तो जुना काढून हा लावा ना. त्यात बाबा मार खाताहेत. तोंडसुद्धा दिसत नाही त्यांचं."

मुलाची मागणी काही अवाजवी नव्हती. मी चौकट हातात घेतली आणि सरांकडे पाहिलं.

सरांनी खुर्चीतून उठायला वेळ घेतला. चष्मा लावला. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला भिंतीजवळ नेलं आणि त्या जुन्या फोटोच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं.

"तोंडाचं राहू दे," ते म्हणाले. "एवढा ठोसा बसलाय. पाय बघ तुझ्या बाबांचे, जागचे हललेले नाहीत."